मोनो की स्टिरिओ? एकाच काळ्या तबकडीच्या दोन तऱ्हा

शहापुरात मामांच्या माडीवर 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड' या अमेरिकन रॉक बँडचा दुसरा अल्बम, 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट', पहिल्यांदा लावला. 'द गिफ्ट' सुरू झालं आणि एक गडी शांतपणे गोष्ट वाचत बसला. गिटार नाही, ड्रम नाही. प्रयोगवाले लोक, असंच असेल म्हणून मीही ऐकत बसलो. मामा चहा घेऊन वर आले. "उजव्या स्पीकरची तार निसटल्या बघ की." तार खोचली आणि माडी दणाणली.

1968 साली हा अल्बम मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्हींत निघाला. काळ्यावर काळं कव्हर, उजेडात तिरकं धरलं तरच कवटीचं गोंदण दिसणार. स्टिरिओत बँडमधल्या जॉन केलचं वाचन डावीकडे, वाद्यं उजवीकडे. बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं की नुसती गोष्ट, दुसऱ्या टोकाला नुसता गोंगाट, आठ मिनिटं. मोनोत दोन्ही एकाच भांड्यात शिजवलेलं. स्वतःलाच खोक्यात बंद करून प्रेयसीला टपालाने पाठवणाऱ्या वाल्डोची ती गोष्ट. गोंगाटातून एकेक शब्द वेचावा लागतो. मला ती मोनोचीच तऱ्हा जास्त बोचते.

मोनो म्हणजे एकाच स्पीकरमधून येणारा आवाज, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. मोनो दोन्ही स्पीकरांतून येतो, फक्त सारखाच. फरक तबकडीवरच्या खाचेत असतो. मोनोच्या खाचेत सुई नुसती आडवी हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती, 45 अंशांत कललेल्या, एकेक चॅनेल, म्हणजे एकेका बाजूचा आवाज, सांभाळतात, त्यामुळे सुई वरखालीही नाचते. म्हणून मोनो रेकॉर्ड स्टिरिओ प्लेअरवर बिनघोर लावावी. उलटं मात्र जपून: जुन्या मोनो पिकअपची (सुई धरणाऱ्या भागाची) ताठ सुई वरखाली हलत नाही, ती स्टिरिओची खाच खरवडते. मामा त्यांच्या पेटीवाल्या प्लेअरवर स्टिरिओ रेकॉर्डगीन कुणाला लावू देत नाहीत ते यासाठीच.

त्यांच्या कपाटात नाट्यगीतं आहेत, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आहेत. त्या एचएमव्हीच्या एलपींवर नंबराआधी 'ईसीएलपी' असेल तर मोनो, 'ईसीएसडी' असेल तर स्टिरिओ. या अमेरिकन तबकडीचंही तसंच. मूळ मोनो प्रतीचा नंबर व्ही-5046, स्टिरिओचा व्ही6-5046. मधल्या त्या सहाकडे माझं लक्ष तार खोचल्यावर गेलं.