तलावाच्या पाळीपासून बगिच्याच्या फाटकापर्यंत: ग्रामीण विदर्भातील उद्यानांच्या सुगम्यतेची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भातील एखाद्या नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने आपल्या बगिच्यात दिव्यांगांसाठी सुधारणा करायचे ठरवले, की चर्चा बहुधा रॅम्पपासून सुरू होते आणि रॅम्पपाशीच संपते. असे का होते हे समजून घ्यायचे तर दोन वेगवेगळे इतिहास पाहावे लागतात. एक, गावात सार्वजनिक बगीचा कसा आला याचा, आणि दुसरा, दिव्यांगांकडे पाहण्याची शासनाची व समाजाची रीत कशी बदलत गेली याचा. हे दोन्ही अनेक दशके एकमेकांना न भेटता चालत राहिले आणि आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या अंतरात आहे.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत, गावाची मोकळी जागा म्हणजे मालगुजारी तलावाची, अर्थात जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या तलावाची, पाळ (बांध) होती. संध्याकाळी बसणे, गप्पा, पोरांचे खेळ हे सारे तिथे चालत असे. पश्चिमेकडे, वऱ्हाडात, हेच काम पिंपळाखालचा पार, मंदिराचे आवार आणि आठवडी बाजाराचे मैदान करीत असे. या जागा सर्वांच्या मानल्या जात, तरी त्या सर्वांना पोहोचण्याजोग्या होत्या असे म्हणता येणार नाही. पाराचा ओटा दीड-दोन फूट उंच असतो, पाळीवर चढायला मुरमाची निसरडी पायवाट असते, आणि ज्याला चढता येत नाही त्याला कोणी तरी हात देईल हे गृहीत धरलेले असते. तो हात बहुतेक वेळा मिळतही असे, आणि नेमके त्यामुळेच जागेत काही दोष आहे हे कोणाच्या मनात आले नाही.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर हा हातही नव्हता. 1898 च्या लेपर्स ॲक्टने, जिथे तो लागू केला गेला तिथे, कुष्ठरोग्याला सार्वजनिक विहिरी व तलाव वापरण्यास आणि सार्वजनिक वाहनांतून प्रवास करण्यास मनाई करण्याची तरतूद केली होती. हा कायदा पुस्तकातून पुसला गेला तो थेट 2016 मध्ये. विदर्भात या बहिष्काराला उत्तर म्हणून स्वतंत्र वसाहती उभ्या राहिल्या. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये काम सुरू केले, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये तपोवन उभारले, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन आकाराला आले. त्याआधीच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आपल्या दशसूत्रीत अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार हे एक कर्तव्य म्हणून सांगितले होते. दिव्यांगांच्या सेवेची एवढी जुनी आणि सशक्त परंपरा असलेले प्रदेश फार थोडे असतील. मात्र ही परंपरा माणसाला आश्रय, अन्न, उपचार आणि काम देणारी होती, तेही बहुधा गावाबाहेरच्या वेगळ्या आवारात. गावातली नेहमीची जागा बदलावी, ही मागणी तिच्यातून निघाली नाही आणि त्या काळात ती निघण्याची अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

शासनाच्या योजना याच वळणाने गेल्या. 1981 हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते आणि त्याच वर्षी केंद्र सरकारची साहाय्यक साधने देणारी ‘ॲडिप’ योजना सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरायचे, तपासणी व्हायची आणि कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र किंवा हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी सायकल मिळायची. पोलिओने पाय गमावलेल्या एका अख्ख्या पिढीला या तीनचाकीने घराबाहेर काढले. ती सायकल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न मात्र योजनेच्या कक्षेत येत नव्हता.

कायद्याने तो प्रथम विचारला 1995 मध्ये. समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग असे लांबलचक नाव असलेला अपंग व्यक्ती अधिनियम फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व मान्य केले होते आणि रस्ते व सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करण्याविषयी कलमेही होती. पण त्या कलमांत ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ अशी सवलत ठेवलेली होती. घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली करतानाच दम लागणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी या शब्दांचा अर्थ व्यवहारात ‘बंधन नाही’ असाच झाला.

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला मान्यता दिली. त्या कराराचे नववे कलम सुगम्यतेचे, म्हणजे जागा सर्वांना अडथळ्याविना वापरता येण्याचे, आहे आणि तिसावे कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत व खेळ यांतील सहभागाचे. बगिच्याच्या दृष्टीने हे तिसावे कलम फार मोलाचे ठरते, कारण त्यामुळे विरंगुळा ही चैन न राहता हक्काच्या यादीत आला. पुढे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येनुसार विरंगुळ्यासाठी लोक वापरतात ती इमारतही ‘सार्वजनिक इमारत’ ठरते, मग ती शासकीय असो वा खाजगी. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य कराव्यात, असे कलम 45 सांगते. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ही मुदत 2022 मध्येच संपली.

याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले, आणि त्यातला एक बदल विदर्भासाठी विशेष आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा समावेश त्यात झाला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत या आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाला व्हीलचेअर लागतेच असे नाही. पण अनेकांच्या खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा बिघडून चालणे वेदनेचे होते, आणि शरीरातले पाणी कमी झाले की दुखण्याची कळ उठू शकते. अशा तरुणाला बगिच्यात थोड्या थोड्या अंतरावर सावलीतला बाक आणि प्यायच्या पाण्याचा नळ लागतो. सुगम्यता म्हणजे रॅम्प, एवढेच समीकरण धरले तर तो नियोजनाच्या बाहेरच राहतो.

आता बगिच्याकडे वळू. 1993 मध्ये अमलात आलेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांच्या कामांच्या दोन याद्या घटनेला जोडल्या. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत; त्यांत ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, अपंगांचे कल्याणही आहे, पण बगीचा नाही. खेड्यात शेत आणि रान असताना बागेची गरज काय, असा विचार त्यामागे असावा असे वाटते. तो दिव्यांगांच्या बाबतीत तोकडा पडतो, कारण नांगरटीच्या शेतात तीनचाकी जात नाही.

त्यामुळे गावात बगीचा आला तो हक्क म्हणून नव्हे, योजनांच्या फटीतून. ले-आऊट पाडताना नियमाने सोडलेली मोकळी जागा कुंपण घालून बाग झाली. तलाव सौंदर्यीकरणाच्या निधीतून पाळीवर चालण्याचा मार्ग झाला. 2014-15 च्या सुमारास राज्यात तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. कुरखेडा, धानोरा, एटापल्ली, सिरोंचा, समुद्रपूर, सेलू अशी गावे एका रात्रीत शहरी यादीत गेली आणि बाराव्या अनुसूचीतील बगीचा त्यांच्या वाट्याला आला. त्याच सुमारास केंद्राच्या अमृत योजनेत हरित जागांसाठी वेगळी तरतूद झाली, पण ती प्रामुख्याने एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी होती. 2020 पासूनच्या माझी वसुंधरा या राज्याच्या पर्यावरणविषयक अभियानाने ग्रामपंचायतींनाही हिरवळीचे गुण मिळू लागले, आणि खुल्या व्यायामशाळेची रंगीत यंत्रे गावोगाव दिसू लागली. प्रत्येक योजनेचे अंदाजपत्रक वेगळे, ठेकेदार वेगळा आणि वर्षही वेगळे. परिणामी फाटक एका निधीतून, गट्टू (वाटेवरच्या सिमेंटच्या विटा) दुसऱ्यातून आणि बाक आमदार निधीतून असा बगीचा तयार होतो, आणि रस्त्यापासून बाकापर्यंतची सलग वाट कोणाच्याच कागदावर नसते.

फाटकाचेच उदाहरण घ्या. गावातल्या बगिच्याचा पहिला शत्रू म्हणजे मोकाट ढोरे, दुसरा म्हणजे आत घुसणारी मोटरसायकल. दोन्हींना अडवण्यासाठी मुख्य फाटकाला कुलूप लावतात आणि शेजारी नळ्यांचा वाकडा, एका वेळी एकच माणूस अंग चोरून जाईल असा अडसर ठेवतात. गाय त्यातून जात नाही, आणि तीनचाकीही जात नाही. कुलपाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई संध्याकाळी घरी. आत उत्तम रॅम्प बांधला असला तरी त्याचा उपयोग या अडसराच्या अलीकडच्या माणसाला शून्य. ढोरांसाठी जमिनीत आडव्या नळ्यांचा सापळा टाकला, तर त्यात कुबडी आणि पांढरी काठी अडकते. म्हणून पुरेशा रुंदीचे, आपोआप मिटणारे आणि बसल्या जागेवरून उघडता येईल अशा कडीचे फाटक हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग उरतो.

इथे मानकांचीही एक मर्यादा आहे. केंद्राची 2016 ची आणि नंतर 2021 ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे व्हीलचेअर समोर ठेवून लिहिलेली आहेत. वळण्यासाठी दीड मीटर मोकळी जागा हा त्यांतला नेहमीचा आकडा. खेड्यातला माणूस मात्र घरून निघतो तो हाताने चालवायच्या तीनचाकीवर, जी व्हीलचेअरपेक्षा लांबही असते आणि रुंदही, आणि जागच्या जागी वळत नाही. दीड मीटरच्या चौकोनात ती अडकते. हल्ली बॅटरीवर चालणारी तीनचाकीही मिळू लागली आहे, ती आणखी जड. ग्रामीण बगिच्याची वाट आखताना मोजमाप तीनचाकीचे धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे व्हीलचेअर आपोआप सामावते, उलट होत नाही.

रॅम्पच्या उताराचे प्रमाण एकास बारा. म्हणजे दीड फूट उंचीच्या ओट्यासाठी अठरा फूट लांबीची उतरण लागते. प्रत्यक्षात पाच-सहा फुटांत ती संपवलेली दिसते, कारण अंदाजपत्रकात ‘रॅम्प, एक नग’ एवढेच लिहिलेले असते. असा उभा रॅम्प फोटोत चांगला दिसतो. त्यावरून चाक वर नेणे दोन माणसांचे काम होते आणि पावसाळ्यात ते धोक्याचेही होते. खरे तर ओटा नऊ इंचांवर आणला तर उतरण नऊ फुटांत बसते, आणि खर्चही घटतो.

विदर्भाच्या मातीचा आणि उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पुरेसा थर न दाबता गट्टू बसवले तर दोन-तीन पावसाळ्यांत ते खालीवर होतात. अंध व्यक्तीसाठी लावलेल्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या फरशीचा मग काही अर्थ राहत नाही, कारण पायाखालचे सगळेच खडबडीत झालेले असते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात तापलेला स्टीलचा कठडा धरवत नाही. आणि ज्याच्या हाताची संवेदना कुष्ठरोगाने गेली आहे, त्याला तर भाजते तेही कळत नाही. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन ज्या प्रदेशात आहेत, तिथे कठड्याला लाकडाची किंवा जाड प्लास्टिकची मूठ आणि वर सावली ही साधी बाब अंदाजपत्रकात यायला हवी होती.

पैशाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील काही हिस्सा दिव्यांगांवर खर्च करावा, असे राज्याचे धोरण आहे. हा हिस्सा पूर्वी 3 टक्के होता, आता 5 टक्के आहे. हा निधी खर्ची पडावा म्हणून दिव्यांगांनी ग्रामपंचायतींपुढे आंदोलने केली आहेत, आणि अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी हा प्रश्न राज्यपातळीवर लावून धरला. 2022 च्या अखेरीस महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. पण लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न मुळात तुटपुंजे, त्याचे 5 टक्के म्हणजे वाटून प्रत्येकाच्या हाती थोडीशी रक्कम किंवा एखादी वस्तू. त्या रकमेवर कित्येकांचे औषधपाणी चालते, तेव्हा तिच्यातून बगिच्याची उतरण बांधा, असे सुचवणे म्हणजे दिव्यांगाच्याच खिशातून त्याची वाट बांधणे होय. सुगम्यतेचा खर्च मूळ बांधकामाच्या अंदाजपत्रकातच यायला हवा. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तो पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून करता येण्याजोगा होता, कारण बंधित निधी पाणी आणि स्वच्छता यांनाच जात होता.

या पार्श्वभूमीवर जानेवारी 2023 मध्ये नितीन गडकरी यांनी नागपूरच्या पारडी भागात ‘अनुभूती’ या सर्वसमावेशक उद्यानाची घोषणा केली. सुमारे 90 हजार चौरस फूट जागा, सुमारे 12 कोटी रुपये खर्च, आणि एकवीसही प्रकारच्या दिव्यांगांचा विचार, स्पर्श आणि गंधाच्या बागेसह. असा नमुना विदर्भातच उभा राहणे उपयोगाचे आहे, कारण गावचा शाखा अभियंता तो जाऊन पाहू शकतो. मात्र धानोऱ्याच्या किंवा धारणीच्या माणसासाठी नागपूरचे उद्यान सहलीचे ठिकाण राहील. रोजच्या संध्याकाळी त्याला गावातलाच बगीचा लागणार.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीच्या राजीव रतूडी प्रकरणात जो निकाल दिला, त्याने कागदावरचे चित्र बदलले. 2017 च्या नियमांतील नियम 15(1) मध्ये सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीसारखी राहत होती, म्हणून न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि टाळता न येणारी किमान मानके तीन महिन्यांत ठरवण्याचे निर्देश केंद्राला दिले. जुन्या जागा हळूहळू सुधारता येतील, पण पायाभूत गोष्टींत सूट नाही, असा त्याचा रोख आहे. कायद्याच्या कलम 89 प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनांना पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ग्रामसभा बसते तेव्हा बगिच्याच्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागून घेऊन फाटकाची रुंदी, वाटेचा थर, उतरणीची लांबी आणि बाकांमधले अंतर हे चार आकडे त्यात लिहिले आहेत की नाहीत, एवढे तांत्रिक मान्यतेआधी पाहता येते. कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची नोंदवही, भरल्यानंतर त्यात बदल करून घेणे फार कठीण जाते.