मोठ्या रायफलची दुर्बीण कुठल्याही एअरगनवर चालते?

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत, विशेषतः महूकडच्या घरांत, एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: जी दुर्बीण मोठ्या रायफलचा धक्का सोसते, ती छर्र्याच्या बंदुकीवर, म्हणजे एअरगनवर, आरामात टिकेल. हे चूक आहे.

बारुदाची रायफल फक्त मागे ढकलते. पण स्प्रिंगवर चालणाऱ्या छर्र्याच्या बंदुकीत घोडा दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो, म्हणून बंदूक आधी मागे येते. मग पुढच्या टोकाला दाबलेल्या हवेवर पिस्टन एकदम अडतो आणि बंदूक पुढे झटकते. म्हणजे उलटसुलट दोन हिसके. बहुतेक दुर्बिणींच्या भिंगांना फक्त मागच्या धक्क्याचा आधार दिलेला असतो. माझ्या मामेभावाची महागडी दुर्बीण अशीच गेली. आत डोकावलं तर नेम धरायच्या फुलीची तार तुटून तिरकी लोंबत होती. फार वाईट वाटलं.

म्हणून खोक्यावर ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. रायफलच्या दुर्बिणी साधारण १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात. आपण १०-३० मीटरवर मारतो, तिथे चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की फुली सरकते. तेव्हा जवळच्या अंतरावर जुळवता येणारी हवी. मोठ्या झूमच्या मागे लागू नका, ४ पट पुरते. माउंटला (दुर्बीण बंदुकीवर धरणाऱ्या पकडीला) खाली स्टॉप-पिन, म्हणजे अडवणारी खुंटी, असावी आणि ती बंदुकीवरच्या भोकात नीट बसवा, नाहीतर दुर्बीण हळूहळू मागे सरकते.