उरुळी कांचन आणि संकरित गाय

पुणे जिल्ह्यात आज गोठा म्हटलं की काळी-पांढरी संकरित गाय डोळ्यांपुढे येते. पूर्वी इथे गाय ठेवली जायची ती मुख्यतः बैलासाठी. खिलार या देशी जातीच्या बैलाला औतात आणि गाडीत तोड नाही, पण तिच्या गायीचं दूध वासराचं भागून घरात जेमतेम उरायचं.

१९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो मणिभाई देसाईंवर सोपवला. मणिभाईंनी तिथे गीर गायी जोपासल्या. गीर दूध देते, पण तिची कालवड उशिरा माजावर (गाभण राहण्याच्या अवस्थेत) येते आणि दोन वेतांतलं अंतरही लांबतं. १९६७ मध्ये त्यांनी ‘बायफ’ (भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन) ही संस्था स्थापन केली आणि देशी गायींसाठी होल्स्टीन व जर्सी या विदेशी जातींच्या वळूंचं रेत (वीर्य) वापरायला सुरुवात झाली.

माझ्या मते खरी क्रांती वळूत नव्हती, ती दारापर्यंत पोचलेल्या कृत्रिम रेतनाच्या सेवेत होती. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेताच्या कांड्या (बारीक नळ्या) ठेवायच्या आणि तो कॅन घेऊन मोटारसायकलवर वस्ती गाठायची. सकाळी माज दिसला तर गाय संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. ही वेळ चुकली की पुढच्या माजापर्यंत तीन आठवडे गेले. गाय चालवत दवाखान्यात नेण्यात ती वेळ हमखास चुकायची.

पहिल्या पिढीची, निम्म्या विदेशी रक्ताची कालवड लवकर गाभण राहिली, दूध भरपूर देऊ लागली आणि ऊनही सोसू लागली. घोळ पुढे झाला. तिलाही पुन्हा शुद्ध होल्स्टीनचीच कांडी भरली की रक्त पाऊण होतं, त्यापुढे आणखी वाढतं. थंड नेदरलँड्सकडची ही जात. एप्रिल-मेच्या उन्हात ती धापा टाकते, चारा सोडते, गोचीड तापाला लवकर बळी पडते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गायीतही विदेशी रक्त पाऊणच आहे, पण तिथे होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांचं प्रमाण ठरवून ठेवलेलं आहे. गोठ्यात ते कुणी ठरवत नाही, मिळेल ती कांडी भरली जाते.

संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरतं, त्यामुळे जू नीट बसत नाही. ट्रॅक्टर आल्यावर तर त्याला कामच उरलं नाही. म्हणून हल्ली कालवडीच होतील अशा लिंगनिर्धारित कांड्यांना मागणी आहे. त्या भरतानाही गायीत विदेशी रक्त आधीच किती आहे, हे विचारायला हवं. कानात बारा अंकी बिल्ला असतो, पण तिच्या आईला कोणता वळू भरला होता, हे बहुतेक गोठ्यांत कुणालाच सांगता येत नाही.