फॅट कासेत नाही, कोटीपोटात घटतं

"डॉक्टर, दोन किलो मक्याचा भरडा वाढवला. दूध वाढलं, पण फॅट ३.९ वरून ३.१ वर आलं. कुणाची तरी दृष्ट लागली बघा." संकलन केंद्राची पावती पुढे करत एक शेतकरी परवा म्हणाला. दाराला लिंबू-मिरची टांगून झाली होती. गव्हाणीत भरडा, सरकी पेंड आणि कोवळा लसूणघास होता. कडब्याची एक काडी नव्हती.

गाईला स्वतःला चाऱ्यातलं तंतू पचवता येत नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे तिच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले अब्जावधी सूक्ष्मजीव करतात. त्यांच्या आंबवण्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांवर गाय जगते. कडब्यासारख्या तंतुमय चाऱ्यापासून प्रामुख्याने ॲसिटिक आम्ल मिळतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. दुधातली जवळपास निम्मी चरबी कास मुख्यतः त्याच्यापासून घडवते. भरड्यातल्या स्टार्चपासून प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनतं. यकृत त्याचं ग्लुकोज करतं, कास त्या ग्लुकोजची दुग्धशर्करा करते आणि ही शर्करा आपल्याबरोबर पाणी ओढून आणते. म्हणून भरड्यानं लिटर वाढतात, फॅट मागे राहतं.

खरी गंमत लाळेत आहे. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत खायचा सोडा असतो. कोटीपोटातलं आम्ल तोच आवरतो. पण भरपूर लाळ सुटते ती चघळताना. कडबा तासन्‌तास चघळावा लागतो, भरडा दोन मिनिटांत पोटात जातो. कोटीपोटाचा सामू (pH, हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.८ च्या खाली घसरला की तंतू पचवणारे जीवाणू सुस्तावतात. सरकीतल्या तेलावरची त्यांची प्रक्रियाही वाट बदलते आणि ट्रान्स-१०, सिस-१२ संयुग्मित लिनोलेइक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल तयार होतं. त्याचे मोजके ग्रॅम कासेतली चरबीनिर्मिती दाबायला पुरतात. पेंड वाढवूनही फॅट का पडतं, त्याचं उत्तर इथे आहे.

सणाला प्रेमानं परातभर पुरणपोळ्या किंवा लग्नातला उरलेला भात जनावरापुढे ठेवतात, तेव्हा हेच अतिवेगानं घडतं. लॅक्टिक आम्ल साचून धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. एक घास द्या, परात नको.

हिशेब फार अवघड नाही. ४०० किलोच्या दुभत्या गाईला रोज साधारण १२ किलो कोरडा अंश लागतो. हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे २० किलो वैरणीतून मिळतात जेमतेम चार किलो. चार-पाच किलो कडबा कुट्टी आणि दुधाच्या मानानं पाचेक किलो पशुखाद्य दिलं की बेरीज जुळते. खुराक दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. बदल मात्र हळूहळू करायचा, कारण नव्या खाद्याला सरावायला जीवाणूंना दोन-तीन आठवडे लागतात.

दुपारी गोठ्यात शांत बसून पाहा. गाईच्या मानेतून गोळा वर सरकतो, पन्नास-साठ वेळा चावला जातो, खाली जातो आणि काही क्षणांत दुसरा वर येतो. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असायला हव्यात. त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात सहा गाई बसल्या होत्या, तोंड एकीचंच हलत होतं.