सजग रुग्ण

सजग रुग्ण : आपल्याला काय झाले आहे, कोणता उपचार चालू आहे आणि तो कशासाठी, हे समजेपर्यंत विचारणारा आणि उपचाराच्या निर्णयात स्वतः भाग घेणारा रुग्ण. मोबाइलवर वाचून निदान ठरवायचे आणि डॉक्टरांकडून नुसती चिठ्ठी लिहून घ्यायची, हा सजगपणा नव्हे. सलाइन लावा, ताकदीचे इंजेक्शन द्या, असा हट्ट धरणेही नव्हे. तसे मागणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, विचारणारे थोडे.

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चरकसंहितेत रोग्याचेही चार गुण दिले आहेत. स्मरणशक्ती, वैद्याचे ऐकणे, निर्भयपणा आणि आपला त्रास नीट सांगता येणे, म्हणजे ज्ञापकत्व. पुढे वाग्भटाने हीच यादी देताना स्मृतीच्या जागी ‘आढ्य’, म्हणजे पैसेवाला, हा गुण घातला. खासगी रुग्णालयाचे बिल भरलेल्या कोणालाही त्याचे व्यवहारज्ञान पटावे. सांगणे हे रोग्याचे काम आहे, हे असे जुन्या काळापासून मान्य आहे; विचारणे मात्र दोन्ही याद्यांत नाही.

ज्याच्या हाताला गुण आहे त्याला कारण विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही समजूत अजून घट्ट आहे. त्यात रुग्णाच्या वतीने बोलायला घरचे पुढे होतात. डॉक्टर ‘काय होतंय आजी?’ म्हणतात आणि उत्तर मुलगा देतो. रिपोर्ट आला की त्यालाच बाहेर बोलावून सांगितले जाते. तोही म्हणतो, ‘आईला एवढ्यात काही बोलू नका, डॉक्टर.’ यामागे माया असते, हे खरे. पण ज्याच्या अंगावर टाके पडायचे तोच बोलण्यात नसतो.

ही सवय कुठवर जाते ते दिल्लीच्या समीरा कोहली खटल्यात दिसले. १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या तक्रारीवरून दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला : तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईलाही होकार देता येत नाही. उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे सांगून घेतलेली संमती तीच खरी, असे न्यायालयाने मानले. भरपाई मिळाली २५,००० रुपये, आणि तीही घटनेनंतर जवळजवळ तेरा वर्षांनी.

सजग रुग्णाचे अर्धे बळ कागदांत असते. केसपेपरच्या प्रती मागितल्यास द्याव्या लागतील, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी त्याला मुदत घातली : मागणी केल्यापासून ७२ तास. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती जिथे लावलेली असते तिथेही अनेकदा औषधकंपनीच्या कॅलेंडरशेजारी असते, आणि लोक कॅलेंडर वाचतात.

रोजच्या व्यवहारात मात्र हा विषय कायद्यापेक्षा चिठ्ठीशी अधिक जोडलेला आहे. चिठ्ठीवर गोळीपुढे १-०-१ लिहिलेले असते. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणाआधी की नंतर, किती दिवस, बरे वाटले की थांबवायची का, हे बहुधा औषधाच्या दुकानात कळते, किंवा कळतच नाही. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. नावे वेगळी म्हणून दोन्ही घेतल्या जातात आणि मात्रा नकळत दुप्पट होते. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही तिची कमाल मर्यादा. त्यापुढे यकृताला धोका. ‘या दोन्हींत एकच औषध तर नाही ना?’ एवढा प्रश्न पुरतो. घरी चालू असलेला काढा किंवा चूर्ण डॉक्टरांपासून लपवणारे तर घरोघरी सापडतात. चरकाचे ज्ञापकत्व तिथे हवे. तपासण्यांच्या बाबतीत एक प्रश्न विशेष उपयोगी आहे : रिपोर्ट काहीही आला तरी उपचार हाच राहणार असेल, तर तपासणी कशासाठी? चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत; पुष्कळदा थोडा विचार करून एखादी तपासणी खोडतात.

या साऱ्याला मर्यादा आहेत. अपघातात बेशुद्ध आलेल्याला कोणी काय विचारणार? क्षयाच्या रुग्णाला सहा महिने गोळ्या का घ्यायच्या हे विचारता येते, पण दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला म्हणून त्या सोडता येत नाहीत. शिवाय सरकारी ओपीडीत रोजंदारी बुडवून आलेल्याच्या वाट्याला एकदोन मिनिटे येतात, आणि मागची रांग ‘चला लवकर’ म्हणत असते. अशा ठिकाणी काही जण जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर घरूनच दोनतीन प्रश्न लिहून आणतात, बहुतेकदा शाळेतल्या मुलीच्या अक्षरात. नंबर लागला की बोलण्याआधी तो कागदच टेबलावर ठेवतात.