‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ म्हणजे सेबीची परवानगी नव्हे

दादरपासून डोंबिवलीपर्यंत वर्षानुवर्षे ऐकू येणारं वाक्य: "सर्टिफिकेट बघितलं, कंपनी सरकारमान्य आहे." दाखवलेला कागद बहुतेकदा कंपनी निबंधकांचा असतो. त्यावरचा यू किंवा एलने सुरू होणारा २१ अक्षरांचा क्रमांक एवढंच सांगतो की कंपनी अस्तित्वात आहे. जीएसटीचा कागदही तसाच. लोकांचे पैसे गुंतवायची मुभा दोन्ही देत नाहीत.

सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, कामानुसार वेगळी नोंदणी देते आणि क्रमांकाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून ती ओळखता येते: सल्लागार आयएनए, संशोधन विश्लेषक आयएनएच, पोर्टफोलिओ व्यवस्थापक (ग्राहकाची गुंतवणूक सांभाळणारा) आयएनपी, ब्रोकर आयएनझेड. खरी फसगत इथेच होते. आयएनए क्रमांक अस्सल असतो, पण माणूस गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या खात्यात मागतो. सल्लागाराला फक्त फी घेता येते. तुमची रक्कम सांभाळणं त्याला मनाईच आहे. आयएनपीवाला ५० लाखांखाली नवा ग्राहक घेऊ शकत नाही. त्यामुळे "२ लाखांत पीएमएस" (म्हणजे अशा व्यवस्थापकाची सेवा) ऐकलंत की तिथेच थांबा.

क्रमांक त्यांच्या कागदावरून नव्हे, सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासा. नाव, पत्ता आणि मुदत जुळते का पाहा. अस्सल क्रमांक चोरून वापरणारेही असतात, म्हणून यादीतल्याच फोनवर खात्री करा. नोंदणी असली तरी परताव्याची हमी सेबी देत नाही. नोंदणीकृत संस्थेविरुद्धची तक्रार आधी तिच्याकडे, मग सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर.