फोसेनच्या पवनचक्क्या आणि सामींची चराई

११ ऑक्टोबर २०२१. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन द्वीपकल्पावरच्या स्टोर्हेया आणि रोआन या पवनऊर्जा प्रकल्पांचे परवाने बेकायदा ठरवले. रेनडिअर पाळून जगणाऱ्या सामींचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या आदिवासी समाजाचा, आपली संस्कृती जपण्याचा हक्क या परवान्यांनी डावलला, यावर अकराही न्यायाधीशांचं एकमत होतं. पण तोवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहून फिरू लागल्या होत्या.

कडाक्याच्या हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरतात आणि खालचं शैवाक, आपल्या दगडफुलाच्या जातीचं, खाऊन तगतात. वाऱ्याने बर्फ उडून जातो अशा उघड्या माथ्यांवर ते सहज मिळतं. पवनचक्क्यांनाही नेमके तेच माथे लागतात.

सामींचे हक्क कागदावर नव्हते असं नाही. १७५१ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांनी सीमा आखली, तेव्हा सामींना दोन्ही राज्यांची जमीन लागते हे करारातच मान्य झालं. कळप घेऊन सीमा ओलांडायची त्यांना मुभा होती. पुढे १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा कळपांना बंद झाली, तीही सामींना न विचारता. मग मुलांना शाळेत नॉर्वेजियनच बोलायला लावायचं धोरण आलं.

उत्तर नॉर्वेतल्या आल्टा नदीवरच्या धरणाने हा प्रश्न साऱ्या देशासमोर आणला. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होतं. तो भाग वगळला, पण चराईचा प्रश्न उरला. १९७९ च्या ऑक्टोबरात सामी तरुण ओस्लोला संसदेसमोर आपला तंबू ठोकून उपोषणाला बसले. जानेवारी १९८१ मध्ये धरणाच्या कामाजवळ स्टिला इथे स्वतःला साखळदंडांनी जखडून घेतलेल्या आंदोलकांना हटवायला सुमारे ६०० पोलीस आणले गेले. १९८२ मध्ये न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला आणि १९८७ मध्ये धरण सुरू झालं. आंदोलन हरलं, तरी मागणी मेली नाही. १९८९ मध्ये सामींनी निवडलेली सामी संसद भरली आणि १९९० मध्ये आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) करार क्रमांक १६९ स्वीकारणारा नॉर्वे पहिला देश ठरला. २००५ च्या कायद्याने उत्तरेतल्या फिनमार्क प्रांताची जवळपास ९५ टक्के जमीन सरकारकडून स्थानिक मालकीच्या संस्थेकडे गेली.

स्वीडनने आयएलओचा तो करार अजून स्वीकारलेला नाही. किरुनाच्या लोहखाणीलगत दुर्मीळ खनिजांचा मोठा साठा सापडल्याचं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. ती गाब्ना या सामी गटाच्या कळपांची वाट आहे.

फोसेनच्या निकालाला ५०० दिवस उलटल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयं अडवली. शेवटी डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये फोसेनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या दोन्ही सामी गटांशी तडजोड झाली. पवनचक्क्या अजून फिरत आहेत.